बायकी, पुरुषी, गे, स्ट्रेट: लोकांना नेमकं काय खटकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गे आहे, पण माझ्या चालण्याबोलण्यावरून तसं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे मला आयुष्यात बऱ्याच गोष्टी सोप्या गेल्या, आणि ज्यांना त्या सोप्या गेल्या नाहीत त्यातले कितीतरी जण गे नव्हतेच. हे नीट कळायला मला फार वर्षं लागली. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, लोकांशी बोलत गेलो, आणि आता लोक मला मेसेज करून तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

बायकी असणं आणि गे असणं, एकच ना?

नाही. तुम्हाला आकर्षण कुणाबद्दल वाटतं तो तुमचा लैंगिक कल (पुरुषाला पुरुषाबद्दल वाटलं तर गे, बाईला बाईबद्दल वाटलं तर लेस्बियन, दोघांबद्दल वाटलं तर बायसेक्शुअल, आणि पुरुषाला बाईबद्दल किंवा बाईला पुरुषाबद्दल वाटलं तर स्ट्रेट). आणि तुमची चाल, आवाज, हातवारे, कपडे, केस, आवडीनिवडी हे सगळं समाजानं पुरुषाला किंवा बाईला आखून दिलेल्या चौकटीत बसतं की नाही, हा वेगळा प्रश्न. यात तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःची ओळख, म्हणजे आतून मी स्वतःला पुरुष समजतो, बाई समजते की दोन्ही नाही. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या असू शकतात. पण यातली पहिली आणि तिसरी सांगितल्याशिवाय समोरच्याला कळत नाही आणि मधली मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसते, सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

मग लोक सगळं एकत्रच का करतात?

कारण बहुतेकांच्या डोक्यात एक सोपं गणित बसलेलं असतं, गे पुरुष म्हणजे अर्धी बाई आणि लेस्बियन म्हणजे अर्धा पुरुष. मेरी काइट आणि के डो या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली हे तपासलं होतं. लोकांना गे पुरुषांचं वर्णन करायला सांगितलं तर ते स्ट्रेट बायकांच्या वर्णनाच्या जवळ जायचं, आणि लेस्बियन बायकांचं स्ट्रेट पुरुषांच्या. हे गणित उलट्या बाजूनंही चालतं, म्हणजे एखादा मुलगा हळू आवाजात बोलतो, भांडण टाळतो, कपडे नीटनेटके घालतो, की झालं, लोकांनी ठरवून टाकलं. त्याला कुणी विचारतसुद्धा नाही.

पण बरेचदा अंदाज बरोबर निघतो की! बघून कळतंच.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. संबंध अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. लहानपणी चौकटीबाहेर वागणाऱ्या मुलामुलींमध्ये पुढे गे, लेस्बियन निघणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय. २००८ साली तर संशोधकांनी लोकांच्या लहानपणचे घरगुती व्हिडिओच बाहेरच्या माणसांना दाखवले आणि त्यांनाही तो फरक सरासरीनं दिसला.

पण आता आकडे मांडून बघा. समजा १००० पुरुष आहेत आणि त्यातले ५० गे आहेत. समजा गे पुरुषांतले ६० टक्के थोडे 'बायकी' वाटतात आणि स्ट्रेट पुरुषांतले फक्त १० टक्के. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, आणि मुद्दाम अंदाज लावणाऱ्याच्या बाजूनं धरलेत. तर बायकी वाटणारे गे झाले ३० आणि बायकी वाटणारे स्ट्रेट झाले ९५. म्हणजे तुम्ही 'हा नक्की तसलाच' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवाल त्यातले चारातले तीन स्ट्रेट असतील, कारण मुळात स्ट्रेट लोकच संख्येनं इतके जास्त आहेत. आणि बाकीचे २० गे तुमच्या शेजारी बसून जेवतील तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. अंदाज बरोबर आला की तो लक्षात राहतो, चुकला की चुकला हे आपल्याला कळतच नाही, कारण समोरचा येऊन सांगत थोडाच बसतो.

लोकांना राग नेमका कशाचा येतो, कलाचा की वागण्याचा?

माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे याच्या भोवतीचे आहेत.

शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा आवाज बारीक होता आणि बोलताना मनगट वळायचं, बस एवढंच. सर त्याला धडा वाचायला उभं करायचे, आणि तो पहिलं वाक्य वाचायच्या आत मागच्या बाकांवरून त्याच्या आवाजाची नक्कल सुरू व्हायची, सरही ओठ दाबून हसायचे, आणि तो पुस्तक चेहऱ्यासमोर धरून वाचत राहायचा, पुस्तक इतकं वर की आम्हाला फक्त त्याचे केस दिसायचे. त्याला काय काय नावं होती ती मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत. मी तेव्हा वर्गातल्याच दुसऱ्या एका मुलाच्या प्रेमात होतो, मनातल्या मनात, आणि नक्कल करून हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. तो मुलगा स्ट्रेट आहे. गे मी होतो आणि मार तो खात होता.

हे फक्त माझ्या वर्गापुरतं नाहीये. स्टेसी हॉर्न यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या दहावी-बारावीच्या मुलांना वेगवेगळ्या काल्पनिक मुलांबद्दल विचारलं, कोण स्ट्रेट, कोण गे, कोण चौकटीत बसणारा, कोण दिसण्यात किंवा वागण्यात वेगळा. मुलग्यांच्या बाबतीत असं आलं की दिसण्यात चौकटीबाहेरचा असलेला स्ट्रेट मुलगा हा चौकटीत बसणाऱ्या गे मुलापेक्षाही कमी स्वीकारार्ह ठरला. परत वाचा हे वाक्य. म्हणजे 'आम्हाला त्यांच्या खाजगी आयुष्याशी काही देणंघेणं नाही, पण वागणं नीट असावं' असं जे लोक म्हणतात ना, ते एका अर्थानं खरंच बोलत असतात. त्यांची खरी अट वागण्याचीच असते.

अर्थात कलावरून भेदभाव होतच नाही असं नाही. आंद्रास टिल्चिक या संशोधकाचा २०११ साली छापून आलेला अभ्यास आहे, त्यांनी अमेरिकेत १,७६९ नोकऱ्यांना खोटे सीव्ही पाठवले. एका सीव्हीत कॉलेजमधल्या गे विद्यार्थ्यांच्या संघटनेत खजिनदार होतो असं लिहिलेलं, दुसऱ्यात तसंच काम पण वेगळ्या संघटनेत. साध्या सीव्हीला ११.५ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, गे असल्याचं सुचवणाऱ्या सीव्हीला ७.२ टक्के. इथे तर कुणी चाल बघितली नव्हती की आवाज ऐकला नव्हता. पण पुढची गोष्ट बघा, ज्या जाहिरातींत आक्रमक, ठाम, धडाडीचा माणूस पाहिजे असं लिहिलेलं होतं तिथे हा फरक जास्त निघाला. म्हणजे कागदावरचा 'गे' हा शब्द वाचून साहेबांनी मनात एक मऊ माणूस उभा केला आणि त्या मऊ माणसाला नाकारलं.

मुलग्यांनाच जास्त का छळतात?

मुलगी झाडावर चढली तर 'वाघीण आहे आमची', मुलगा बाहुलीशी खेळला तर घरात शांतता पसरते. यामागचं कारण सरळ आहे, पुरुषाचं काम वरचं आणि बाईचं खालचं असं जिथे मानलं जातं तिथे मुलगी पुरुषासारखी वागली तर ती वर चढली असं वाटतं आणि मुलगा बाईसारखा वागला तर तो खाली उतरला असं वाटतं. 'पोरीसारखा रडू नको' हे वाक्य एकाच वेळी दोघांचा अपमान करतं.

दुसरं म्हणजे मर्दपणा ही वस्तू फार ठिसूळ आहे. बाई ही बाई असतेच पण पुरुषाला ते सतत सिद्ध करत राहावं लागतं, असं बहुतेक लोक मानतात, आणि जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन यांनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या २००९ च्या एका प्रयोगात काही पुरुषांना पुतळ्याच्या डोक्यावरच्या केसांची वेणी घालायला सांगितली आणि काहींना दोरीची. हाताचं काम दोन्हीकडे तेच. नंतर पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं तर केसांची वेणी घातलेल्यांनी जास्त जोरात मारले. एका वेणीनं एवढं होत असेल तर वर्गातल्या एका बायकी मुलाच्या शेजारी बसायला बाकीचे मुलगे का घाबरतात हे समजायला अवघड नाही.

म्हणजे मुलींना सोपं असतं?

वयात येईपर्यंत, तेही थोडंसं. टॉमबॉय म्हणून कौतुक होतं ते साधारण तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत, मग अचानक घरातलेच म्हणायला लागतात की आता पुरे, केस वाढव, नीट बस. माझ्या एका मैत्रिणीचे केस एकदम बारीक कापलेले असतात आणि ती शर्ट-पँट घालते, तर लेडीज टॉयलेटमध्ये शिरताना ती दारातच मुद्दाम मोठ्यांदा फोनवर बोलायला लागते, फोन कुणाचा नसतोच, आतल्या बायकांना आवाज ऐकून कळावं आणि कुणी ओरडू नये म्हणून. रोज. ती स्ट्रेट आहे की नाही हे मी इथे सांगणार नाही, कारण टॉयलेटच्या दारात ते कुणीच विचारत नाही.

नोकरीत तर अजून कठीण. अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाच्या बाई एका मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये होत्या, सुमारे अडीच कोटी डॉलरचं सरकारी काम त्यांनी फर्मला मिळवून दिलं होतं. १९८२ साली पार्टनर करण्यासाठी ८८ जणांची नावं आली त्यात बाई ही एकटीच, आणि त्यांना थांबवून ठेवलं. वर सल्ला काय मिळाला तर जरा बायकांसारखं चाला, बायकांसारखं बोला, मेकअप करा, केस सेट करा, दागिने घाला. त्या कोर्टात गेल्या आणि १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की बाईनं बाईसारखं वागलं नाही म्हणून तिला मागे ठेवणं हा लिंगभेदच आहे. गंमत बघा म्हणजे, ठाम नसती तर तिथवर पोचलीच नसती, आणि ठाम होती म्हणून अडवली.

पुरुष जास्त विरोध करतात की बायका?

सरासरीनं पुरुष, आणि तेही गे पुरुषांना जास्त. मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी हेरेक यांनी १९८० च्या दशकापासून हे मोजलंय आणि नंतरच्या अभ्यासांतही तसंच येत राहिलं. पण सरासरी ती सरासरी, तुमचे बाबा आईपेक्षा समजूतदार निघू शकतात.

जो जास्त शिव्या देतो तो स्वतःच आतून तसा असतो, हे खरं का?

१९९६ साली ६४ पुरुषांवर झालेला एक प्रयोग आहे, त्यावरून हे वाक्य जगभर पसरलं. पुढच्या अभ्यासांतून त्याला पक्का आधार मिळाला नाही. काही जणांच्या बाबतीत असेलही, मी स्वतःच वर लिहिलंय की मी सगळ्यात मोठ्यांदा हसायचो. पण माझी हात जोडून विनंती आहे की हे वाक्य वापरू नका. एक तर 'तूच गे असशील' ही शिवी म्हणून वापरली जाते, म्हणजे गे असणं ही शिवीच राहते. आणि दुसरं म्हणजे सगळा दोष फिरून आमच्याच माथी येतो, की गे लोकांना छळणारेही गेच. बहुतेक छळणारे सरळ साधे स्ट्रेट लोक असतात ज्यांना कधी कुणी थांबवलेलं नसतं.

बायसेक्शुअल लोकांना तर दोन्हीकडून स्वीकारत असतील ना?

उलट आहे. हेरेक यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला सर्व्हे आहे, स्ट्रेट लोकांना वेगवेगळ्या गटांबद्दल किती आपुलकी वाटते ते आकड्यात सांगायला लावलं होतं, त्यात बायसेक्शुअल लोकांच्या खाली फक्त एकच गट आला, सुईनं ड्रग्ज घेणारे. स्ट्रेट म्हणतात यांचं काही ठरत नाही, गे म्हणतात हे घाबरट आहेत, अर्धंच सांगतात. चौकटीत न मावणारा माणूस म्हटलं की चौकटीबाहेर काढलेल्यांनाही तो नको असतो.

गे लोक तरी एकमेकांना समजून घेत असतील?

घेतात, पण सगळे नाही, आणि यावर आपल्यातच बोलायची फार गरज आहे. डेटिंग अ‍ॅपवर 'फक्त मर्दानी', 'बायकी नकोत', 'स्ट्रेट अ‍ॅक्टिंग' (म्हणजे वागण्यावरून स्ट्रेट वाटणारा) असलं किती प्रोफाइलवर लिहिलेलं असतं. हे अ‍ॅपनंतरचं खूळ नाही, १९९७ सालच्या एका अभ्यासात पेपरमधल्या छोट्या जाहिराती तपासल्या होत्या त्यातही गे पुरुषांना मर्दानी जोडीदारच हवा होता. आवड ही आवड असते असं म्हणता येईल, आणि कुणावर जबरदस्ती करा असं मी म्हणत नाहीये. पण 'आवडत नाही' आणि 'लाज आणतात साले' यातला फरक आपल्याला कळतो. मी कम आउट केलं, म्हणजे मी गे आहे हे घरी सांगितलं, तेव्हा घरच्यांना पहिलं वाक्य काय म्हणालो माहितीये? 'पण मी तसला नाहीये हां, बायकी वगैरे.' आणि त्यांचा चेहरा लगेच सैल झाला. मला स्वीकारलं गेलं ते त्या वाक्यावर, आणि ते वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर पाय देऊन उच्चारलं होतं.

गे असणं हा आजार नाही ना?

नाही. एव्हलिन हुकर यांनी १९५७ मध्ये ३० गे आणि ३० स्ट्रेट पुरुषांच्या मानसिक चाचण्या नावं झाकून तज्ज्ञांना दिल्या, त्यांना कोण गे ते ओळखता आलं नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेनं. हा विषय संपला.

'हे जन्मजात असतं' असं सांगितलं तर लोक मवाळ होतात का?

थोडे होतात, कारण ज्यावर माणसाचा ताबा नाही त्यासाठी त्याला दोष द्यायला लोक कचरतात. पण मी हा मुद्दा जपूनच वापरतो. एक म्हणजे कुठलं एकच 'गे जनुक' नसतं, २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांचा डेटा तपासला तेव्हा तेच दिसलं, जनुकांचा वाटा आहे पण तो अनेक जनुकांत थोडा थोडा विखुरलेला आहे. आणि दुसरं म्हणजे 'बिचाऱ्याच्या हातात नाही' यात दया असते, आदर नसतो. नेलपॉलिश लावणं तर हातातलंच आहे, मग लावणाऱ्याला बडवायचं का?

माझा सात वर्षांचा मुलगा नेलपॉलिश लावतो, बहिणीचे फ्रॉक घालतो. मी काय करू?

आधी श्वास घ्या. तो पुढे कोण होईल हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. १९८७ मध्ये रिचर्ड ग्रीन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी अगदी ठळकपणे 'बायकी' असल्यामुळे डॉक्टरकडे आणलेली मुलं मोठेपणी बहुतेक गे किंवा बायसेक्शुअल झाली. पण २०१२ मध्ये जवळजवळ दहा हजार तरुणांचा अभ्यास झाला त्यात चौकटीबाहेर वागलेल्या मुलांपैकी सुमारे ८५ टक्के मोठेपणी स्ट्रेटच होते. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की अशा मुलांना घरात मारहाण आणि छळ जास्त सोसावा लागतो, आणि त्याचे व्रण तरुणपणी मनावर दिसतात, मग मूल पुढे गे निघो की स्ट्रेट. म्हणजे धोका नेलपॉलिशमध्ये नाही, नेलपॉलिश बघून जो हात उठतो त्यात आहे.

शाळेत काय होईल ही तुमची भीती खोटी नाही. त्याला सांगा की घरी सगळं चालतं, बाहेर काही मुलं हसतील, हसणं ही त्यांची चूक आहे, आणि कुणी हात लावला तर लगेच मला सांग. आणि शिक्षकांशी स्वतः जाऊन बोला, त्याला बोलायला लावू नका.

मला बायकी पुरुष बघून कसंतरीच होतं. मी वाईट माणूस आहे का?

नाही हो. कसंतरी होणं आपल्या हातात नसतं, ते लहानपणापासून भरवलेलं असतं. त्यानंतर तुम्ही काय करता ते हातात असतं. मला स्वतःला अजूनही होतं कधी कधी, आणि मी गे आहे.

पण मत बदलतं का कधी? की नुसत्या गप्पा?

बदलतं, यावर चांगला पुरावा आहे म्हणून मी एवढा वेळ घालवतो यात. ओळख झाली की पूर्वग्रह कमी होतो हे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले तर ते खरं निघालं, आणि सगळ्यात जास्त फरक गे-लेस्बियन लोकांशी आलेल्या संबंधांमुळे पडलेला दिसला. २०१६ मध्ये ब्रूकमन आणि कॅला यांचा अभ्यास आला, मायामीत कार्यकर्ते दारोदार जाऊन ट्रान्स लोकांबद्दल (म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी असते त्यांच्याबद्दल) साधारण दहा मिनिटं बोलले. भाषण नाही दिलं, समोरच्याला विचारलं की तुम्हाला कधी वेगळं म्हणून बाजूला काढलं गेलंय का, आणि ऐकत बसले. त्याचा परिणाम तीन महिन्यांनीही टिकून होता. बोलणारा स्वतः ट्रान्स असायलाच हवा असंही नव्हतं. म्हणजे हे काम तुम्हीसुद्धा करू शकता, आमच्याच गळ्यात टाकायची गरज नाही.

आणि काळाबरोबरही बदलतंय. २००७ ते २०१६ या काळातल्या ४४ लाख चाचण्यांचा, मुख्यतः अमेरिकेतल्या, अभ्यास आहे. लोकांच्या मनातला न बोललेला पूर्वग्रह लैंगिक कलाबाबत ३३ टक्क्यांनी कमी झाला होता. वजनाबाबत, म्हणजे जाड लोकांबद्दल, मात्र तसं काही झालं नाही.

त्या वर्गातल्या मुलाशी नंतर कधी बोललास का?

हे आता इतके जण विचारतात म्हणून इथे टाकतोय. हो, सतरा वर्षांनी नंबर शोधून काढला आणि मेसेज केला, सॉरी म्हणालो, मी गे आहे हेही सांगितलं. त्यानं शांतपणे लिहिलं की तुला तेव्हा भीती वाटत असणार, मला कळतं. आता आम्ही अधूनमधून बोलतो. त्याचं लग्न झालंय, मुलगी आहे, चांगली नोकरी आहे. एकदा मी सहज विचारलं की एवढं लांबलचक टाइप का करत बसतोस, व्हॉइस नोट पाठव ना. तर म्हणाला, मी शाळा सुटल्यापासून माझा आवाज रेकॉर्ड केलेला नाहीये.